जून अल्मेडा यांचं संशोधन आणि त्याचा प्रभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या साथीनंतर जून अल्मेडा हे नाव मराठी वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून बरंच फिरलं. बहुतेक ठिकाणी मजकूर एकच: 'कोरोनाव्हायरस पहिल्यांदा पाहणारी बाई'. माणसांतल्या कोरोनाव्हायरसपुरतं ते खरं आहे, पण त्यांच्या कामातला तो एक तुकडा आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, विज्ञानशिक्षक आणि जिज्ञासू वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

जून अल्मेडा कोण होत्या?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९३० साली जन्मलेल्या विषाणूशास्त्रज्ञ. माहेरचं नाव जून डॅल्झील हार्ट. वडील बसचालक होते. शाळेत हुशार असूनही पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागल्या. काम होतं ऊतींचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं. तिथून लंडन, मग कॅनडातली ऑन्टॅरिओ कॅन्सर इन्स्टिट्यूट, पुन्हा लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल, त्यानंतर रॉयल पोस्टग्रॅज्युएट मेडिकल स्कूल आणि शेवटी वेलकम रिसर्च लॅबोरेटरीज. २००७ साली त्या वारल्या.

आडनाव अल्मेडा, म्हणजे त्या गोव्याच्या का?

नाही. हा प्रश्न गोव्यातून आणि मुंबईतून हमखास येतो, कारण हे आडनाव आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत सर्रास आढळतं. त्यांना ते लग्नामुळे मिळालं. त्यांचे पती एन्रिकेस अल्मेडा हे व्हेनेझुएलाचे चित्रकार होते. त्यांचं लग्न १९५४ साली झालं आणि दोघं टोरांटोला गेले.

विद्यापीठाची पदवी नसताना शोधनिबंधांवर नाव कसं आलं?

टोरांटोत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तंत्रज्ञ होत्या. ब्रिटनच्या तुलनेत तिथलं वातावरण मोकळं होतं. काम करणाऱ्याचं नाव निबंधावर टाकायला पदवी आडवी येत नव्हती. १९६० च्या आसपास तिथले सहकारी हॉवॅट्सन यांच्यासोबत त्यांचे निबंध येऊ लागले. उंदरांमध्ये गाठी करणारा पॉलिओमा विषाणू, चामखिळीचा विषाणू, कांजिण्यांचा विषाणू असे विषय होते.

१९६२ सालचा एक निबंध मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्वचेवरच्या फोडातला द्रव थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बारीक जाळीवर घेऊन विषाणू झटपट कसा ओळखावा, याची सोपी रीत त्यात दिली होती. देवीचे फोड आणि कांजिण्यांचे फोड सुरुवातीला डोळ्यांना फसवू शकतात, पण दोन्हींचे विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट वेगळे दिसतात. देवीची साथ जगात शिल्लक होती त्या काळात निदान काही तासांत होणं म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला सांगावं लागलं नसतं.

पुढे प्रकाशित संशोधनाच्या बळावरच त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. आधी निबंध, मग पदवी, असा हा उलटा प्रवास आहे.

कोरोनाव्हायरसचा शोध नेमका कोणी लावला?

या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही, आणि तसं देऊही नये.

कोंबड्यांमध्ये श्वसनाचा आजार करणारा इन्फेक्शस ब्राँकायटिस विषाणू आधीपासून माहीत होता. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळच्या कॉमन कोल्ड युनिटमध्ये डेव्हिड टिरेल सर्दीच्या विषाणूंच्या मागे लागले होते. १९६० साली एका शाळकरी मुलाच्या नाकातून घेतलेला नमुना त्यांच्याकडे होता. त्याचा क्रमांक बी८१४. तो स्वयंसेवकांच्या नाकात घातला की सर्दी व्हायची, पण नेहमीच्या पेशींमध्ये काही केल्या वाढायचा नाही. शेवटी श्वासनलिकेच्या ऊतीचे तुकडे जिवंत ठेवून त्यांच्यावर तो वाढवण्यात टिरेल आणि बायनो यांना यश आलं. तो निबंध १९६५ साली आला. इकडे अमेरिकेत डोरोथी हॅमरे यांनी २२९ई हा दुसरा विषाणू वेगळा केला होता.

विषाणू आहे, सर्दी होते, पण तो दिसतो कसा, कोणत्या घराण्यातला आहे, हे कळत नव्हतं. टिरेल यांनी नमुने अल्मेडांकडे पाठवले. इतक्या कमी कणांमधून काही दिसेल अशी फारशी कोणाला आशा नव्हती. अल्मेडांना ते दिसले, आणि त्यांनी ते ओळखलेही. कडेला काटेरी झालर असलेले असेच कण त्यांनी पूर्वी कोंबड्यांच्या ब्राँकायटिसमध्ये आणि उंदरांच्या हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे यकृताच्या सुजेत, पाहिले होते. बी८१४ आणि २२९ई हे दोन्ही कोंबड्यांच्या विषाणूसारखेच दिसतात, हे अल्मेडा आणि टिरेल यांनी १९६७ साली जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजीत मांडलं.

म्हणजे विषाणू मिळवला एकांनी, वाढवला दुसऱ्यांनी, आणि वेगवेगळ्या प्राण्यांमधले हे सगळे विषाणू एकाच कुळातले आहेत हे नजरेनं ओळखलं अल्मेडांनी. ही ओळख हेच त्यांचं खरं योगदान.

त्यांचा निबंध नाकारला गेला होता, ही गोष्ट खरी का?

हो. बी८१४ हाती येण्याआधी कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या विषाणूंवर त्यांनी जो निबंध पाठवला होता, तो परत आला. ही इन्फ्लुएन्झाच्या कणांची वाईट निघालेली चित्रं आहेत, असं निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या समीक्षकांचं मत पडलं. इन्फ्लुएन्झाच्या कणालाही कडेनं काटे असतात, पण ते आखूड आणि दाटीनं बसलेले. कोरोनाचे काटे लांब, टोकाला फुगीर आणि एकमेकांपासून सुटे. हा फरक आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल, कारण त्याला तो आधी शिकवलेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कोणी सांगितलेला नव्हता.

यातून 'समीक्षक मूर्ख असतात' असा अर्थ काही जण काढतात. तो मला पटत नाही. दुसरीकडचा पुरावा हाती आला, मानवी विषाणूही तसेच दिसले, आणि मग तोच मुद्दा छापून आला.

'कोरोनाव्हायरस' हे नाव त्यांनी दिलं का?

एकट्यांनी नाही. १६ नोव्हेंबर १९६८ च्या नेचर या विज्ञान नियतकालिकात आठ विषाणूशास्त्रज्ञांच्या सहीचं एक छोटं टिपण आलं. कडेची झालर सूर्याच्या प्रभामंडलाची आठवण करून देते, म्हणून या गटाला हे नाव द्यावं, असं त्यात सुचवलं होतं. यादीत अल्मेडांचं नाव पहिलं दिसतं आणि त्यावरून बरेच लेखक त्यांना श्रेय देऊन मोकळे होतात. ती यादी इंग्रजी वर्णानुक्रमानं आहे. अल्मेडा, बेरी, कनिंगहॅम, हॅमरे, हॉफस्टाड, मालूची, मॅकिंटॉश, टिरेल.

कोणत्याही संशोधकाची निबंधसूची वाचताना ही खबरदारी घ्यावी. पहिलं नाव म्हणजे मुख्य काम करणारा, शेवटचं नाव म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख, ही आजच्या जीवशास्त्रातली रीत आहे. जुन्या निबंधांना आणि सह्यांच्या निवेदनांना ती जशीच्या तशी लावता येत नाही.

मग त्यांचं सर्वांत प्रभावी काम कोणतं?

माझ्या मते कोरोनाचं चित्र नव्हे, तर ते चित्र काढण्याची पद्धत. तिचं नाव इम्यून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. तिची पायाभरणी त्यांनी टोरांटोत केली. अँटिबॉडी म्हणजे शरीर आजाराविरुद्ध तयार करतं ती प्रथिनं, आणि त्या ज्याला चिकटतात तो विषाणूचा भाग म्हणजे अँटिजेन. सिनाडर आणि हॉवॅट्सन यांच्यासोबतचा या दोन्हींच्या संयुगांवरचा त्यांचा निबंध १९६३ साली जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिनमध्ये आला.

पद्धत समजून घ्यायला अवघड नाही. तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. तिच्यावर पातळ पापुद्रा चढवलेला असतो. त्यावर नमुन्याचा थेंब ठेवायचा, मग फॉस्फोटंगस्टिक आम्लाचा थेंब, आणि गाळणकागदाची कड लावून जास्तीचं पाणी टिपून घ्यायचं. टंगस्टन जड धातू. तो विषाणूच्या भोवती आणि काट्यांच्या फटींत साचतो आणि इलेक्ट्रॉन अडवतो. त्यामुळे पार्श्वभूमी काळी आणि विषाणू उजळ दिसतो. हे झालं निगेटिव्ह स्टेनिंग. ते ब्रेनर आणि हॉर्न यांनी १९५९ साली रूढ केलं होतं.

अडचण अशी की असं काही दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख कण तरी लागतात. रुग्णाच्या नमुन्यात तेवढे बहुधा नसतात, आणि असले तरी कचऱ्याच्या बारीक गोळ्यांमधून पंचवीस-तीस नॅनोमीटरचा गोल कण वेगळा काढणं महाकठीण. अल्मेडांनी यात अँटिबॉडी घातल्या. आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात त्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतातच. तो रक्तद्रव नमुन्यात मिसळला की त्या विखुरलेल्या कणांना धरून त्यांचे पुंजके करतात. आता एकेक कण शोधत बसायला नको, पुंजका नजरेत भरतो. शिवाय भोवती अँटिबॉडींची धूसर लव दिसते, म्हणजे हा पुंजका कचऱ्याचा नाही, याच आजाराचा आहे, अशी साक्षही मिळते. शोध आणि पुरावा, दोन्ही एकाच ग्रिडवर.

या पद्धतीतून पुढे काय निघालं?

इथेच त्यांच्या निबंधसूचीची मर्यादा कळते, कारण पुढचे मोठे शोध त्यांच्या नावावर नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले अल्बर्ट कॅपिकियन ही पद्धत अल्मेडांकडून शिकून गेले. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली उलट्या-जुलाबाची साथ आली होती. तिचं कारण सापडलं नव्हतं. कॅपिकियन यांनी त्या साथीतला शौचाचा नमुना रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळला आणि १९७२ साली सुमारे २७ नॅनोमीटरचे कण दाखवले. तोच नॉरवॉक विषाणू, आजचा नोरोव्हायरस. पुढच्याच वर्षी फाइनस्टोन, कॅपिकियन आणि पर्सेल यांनी याच पद्धतीनं हिपॅटायटिस ए चा विषाणू दाखवला.

आता हा धागा आपल्या पुण्यापर्यंत कसा येतो ते पाहा. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची प्रचंड साथ आली होती. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. पाण्यातून आलेली कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, असंच सगळे धरून चालले होते. हिपॅटायटिस ए चा विषाणू हाती आल्यावर त्याच्या रक्तचाचण्या शक्य झाल्या. मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या श्रीनिवासन, प्रसाद आणि खुर्शीद पावरी यांनी वॉंग आणि पर्सेल यांच्यासोबत जपून ठेवलेले जुने रक्तद्रव तपासले. १९८० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: ही साथ ए ची नव्हती, बी ची पण नव्हती. कुठला तरी वेगळाच विषाणू होता. मोहम्मद खुरू यांनी काश्मीरमधल्या साथीवरून त्याच वर्षी तसाच निष्कर्ष काढला.

तो वेगळा विषाणू कोणी पाहिला? १९८३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी. हिपॅटायटिस ए ची प्रतिकारशक्ती त्यांच्या अंगात आधीच होती. त्यांनी रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांचा अर्क स्वतः प्यायला, त्यांना कावीळ झाली, आणि मग स्वतःच्या नमुन्यात त्यांनी २७ ते ३० नॅनोमीटरचे कण शोधले. पद्धत होती इम्यून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. तोच हिपॅटायटिस ई. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्या गावाशहरांत ज्या काविळीची भीती असते, तिच्यातला हा मोठा वाटेकरी, आणि गरोदर बाईसाठी सर्वांत घातक.

या साखळीत अल्मेडांचं नाव शेवटपर्यंत उद्धृत होत नाही. पण ती पद्धत वजा केली तर साखळीतल्या किती कड्या उरतात, ते मोजून पाहावं.

हिपॅटायटिस बी वर त्यांनी काम केलं होतं का?

केलं होतं, आणि ते थेट रोजच्या तपासणीत उतरलं. १९७१ साली रुबेनस्टीन आणि स्टॉट यांच्यासोबत त्यांनी डिटर्जंट वापरून हिपॅटायटिस बी च्या मोठ्या कणाचं बाहेरचं आवरण उघडलं आणि आतला गाभा बाहेर काढला. रुग्णांच्या रक्तात या गाभ्याविरुद्ध वेगळ्या अँटिबॉडी असतात, हे त्यांनी दाखवलं. रक्ताच्या रिपोर्टवर 'अँटी-एचबीसी' ही ओळ दिसते ना, तिचं मूळ हे.

रुबेला, म्हणजे जर्मन गोवराच्या विषाणूचं रूप दाखवणाऱ्या सुरुवातीच्या एका निबंधातही त्या आहेत. तो निबंध १९६७ सालचा.

लशींशी त्यांचा काही संबंध होता का?

वेलकममध्ये असताना, १९७५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लुएन्झा विषाणूवरचे काटे काढून घेऊन ते लिपोसोम नावाच्या स्निग्ध गोळ्यांवर बसवले. विषाणूसारखा दिसणारा, पण आत काहीच नसलेला कण. त्याला त्यांनी व्हायरोसोम म्हटलं. या तत्त्वावरच्या इन्फ्लुएन्झा आणि हिपॅटायटिस ए च्या लशी पुढे युरोपात बाजारात आल्या.

त्यांचा एच-इंडेक्स किती?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचं उत्तर आकड्यात देणं मी मुद्दाम टाळतो.

एच-इंडेक्स ही कल्पना हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली मांडली. एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणं असतील, तर त्याचा इंडेक्स वीस. अल्मेडांचा मुख्य काळ त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा विषाणूशास्त्रज्ञ मोजके, जर्नलं मोजकी आणि निबंधाखालच्या संदर्भांच्या याद्या आखूड होत्या. आजच्या संशोधकाशी आकड्यांची तुलना केली तर ती दोन वेगवेगळ्या काळांची तुलना होते, दोन माणसांची नाही.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरची गोष्टही तशीच. गेल्या दोन वर्षांतल्या निबंधांना सरासरी किती उद्धरणं मिळाली, एवढंच तो सांगतो. कोरोनाचं चित्र ज्या जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजीत आलं, ते जर्नलच मुळी १९६७ साली सुरू झालं होतं. पहिल्याच खंडात हा निबंध आहे.

आणखी एक अडचण मला जास्त गंभीर वाटते. एखादी पद्धत अंगवळणी पडली की लोक मूळ निबंधाचा उल्लेख करणं सोडून देतात. गेल्या काही वर्षांत कोरोनाव्हायरसवर निबंधांचा अक्षरशः पूर आला. त्यातल्या किती जणांनी १९६८ च्या टिपणाचा संदर्भ दिला असेल? देण्याची गरजच वाटत नाही, इतकं ते सर्वमान्य झालं.

आपल्याकडे प्राध्यापकांच्या बढतीचे अर्ज आणि पीएच.डी. च्या मार्गदर्शकाची निवड अजूनही निबंधांच्या संख्येवर चालते. विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मार्गदर्शक निवडताना त्यांचे दोन निबंध पूर्ण वाचा आणि त्यांची पद्धत दुसऱ्या कोणी वापरली का, ते शोधा. त्यासाठी एक दुपार पुरते.

पबमेडवर त्यांचे निबंध कसे शोधायचे?

पबमेड ही वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची. तिथे नुसतं 'अल्मेडा' टाकलं तर पोर्तुगाल आणि ब्राझीलमधले असंख्य लेखक समोर येतात. त्यांच्या निबंधांवर नाव 'जे. डी. अल्मेडा' असं छापलेलं आहे, म्हणून दोन्ही आद्याक्षरं घाला. पबमेडमध्ये लेखकांची पूर्ण नावं २००२ पासूनच्या नोंदींत येतात. त्याआधी फक्त आद्याक्षरं, त्यामुळे 'जून' टाकून काही हाती लागणार नाही. वर्षं १९६० ते १९८५ अशी ठेवा आणि सोबत वॉटरसन (लंडनमधले सहकारी), टिरेल किंवा हॉवॅट्सन यांपैकी एक सहलेखक जोडा. जुन्या नोंदींना गोषवारा बहुधा नसतो, फक्त शीर्षक असतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या सगळ्याच जुन्या संशोधिकांच्या बाबतीत ही काळजी घ्यावी लागते. त्यांच्या कामाचे तुकडे दोन नावांखाली विखुरलेले असू शकतात. नाव बदललं तरी संशोधकाची ओळख कायम ठेवणाऱ्या ऑर्किड क्रमांकाची सोय आली ती २०१२ साली.

ही पद्धत आज कोणी वापरतं का?

रोजच्या निदानासाठी नाही. एलायझा (अँटिबॉडी किंवा अँटिजेन शोधणारी) आणि पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) या चाचण्या स्वस्त, वेगवान आणि कितीतरी जास्त संवेदनशील आहेत. पण पीसीआरला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जे असेल ते दाखवतो. म्हणून अनोळखी साथीत तो अजून उपयोगी पडतो. २००३ साली सार्स या श्वसनाच्या गंभीर आजाराचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत, अटलांटाच्या सीडीसीत, वाढवलेल्या पेशींमध्ये जे कण दिसले, त्यांवरून हा कोरोनाव्हायरस असावा हे लक्षात आलं. ते लक्षात आलं कारण कोरोनाव्हायरस दिसतो कसा, हे १९६७-६८ साली नोंदवून ठेवलेलं होतं.

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं केरळमधल्या, म्हणजे भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून सार्स-कोव्ह-२ ची चित्रं घेऊन इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केली. गोल कण, आकार ७० ते ८० नॅनोमीटर, कडेला काटे. निगेटिव्ह स्टेनिंगनंच.

त्यांना नोबेल मिळालं का?

नाही.

मूळ निबंध वाचायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

१९६७ च्या टिरेलसोबतच्या निबंधापासून. पहिला खंड, पान १७५ ते १७८. मजकूर अवघा चार पानांचा आणि भाषा साधी आहे. चित्रांकडे आधी पाहा, मजकूर नंतर वाचा: कोंबडीचा विषाणू आणि माणसाचा विषाणू शेजारी ठेवून काट्यांची लांबी, टोकाचा फुगीरपणा, दोन काट्यांमधलं अंतर स्वतः ताडून बघा. नंतर नेचरचं टिपण, खंड २२०, पान ६५०. त्यानंतर १९६३ चा अँटिबॉडींचा निबंध घ्या. तो मोठा आहे, पण चामखिळीच्या आणि पॉलिओमाच्या कामातून त्या तिथवर कशा पोचल्या हे आधी ठाऊक असेल तर सलग वाचून होतो.